सगळ्यात लांब पट्टी

लॅपटॉपमधल्या एआय मदतनिसाची मेमरी भरत आली होती. जुनं पुसण्याआधी मी त्याला सहज विचारलं, "कशाबद्दल किती साठवलं आहेस?" त्याने विषयवार पट्ट्या काढून दाखवल्या. ऑफिसची आखूड, स्वयंपाकाची जरा मोठी. सगळ्यात लांब पट्टीखाली लिहिलं होतं, 'छातीतली गाठ'.

टेबलापलीकडे नवरा सकाळचा चहा बशीत ओतत होता.

एवढं बोलले मी? दुखत नाही म्हणजे साधीच असेल का, तपासणी पुढे ढकलली तर चालेल का, असं रोज थोडं थोडं विचारत गेले असेन. यंत्राचा चेहरा उतरत नाही, त्याचा घास हातात राहत नाही, म्हणून त्याला सांगणं सोपं. पण माणसाला सांगितलं की भीती निम्मी तरी त्याच्याकडे जाते. इथे ती नुसती साठत गेली होती.

"काय बघतेस गं एवढं?" नवऱ्याने विचारलं.

"याला माझ्याबद्दल काय काय आठवतंय ते."

"मग मी आहे का त्यात?" तो हसत म्हणाला.

होता. त्याच्या नावाची नखाएवढी पट्टी होती. मी ती उघडली. आत एकच ओळ होती: 'नवऱ्याला गाठीबद्दल सांगितलेलं नाही.'

पुसायचं बटण शेजारीच होतं. बोट तिथवर गेलंही.

मग मी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. बशी ओठांपाशीच थांबली.