वृक्ष समितीचा तिसरा सभासद

पोर्ट लुसिनच्या सिटी हॉलला सल्ले देणाऱ्या अकरा समित्या आहेत. वाचनालयाची एक, धक्क्याची एक, स्मशानाची एक, म्हाताऱ्यांची एक, आणि गावात घोडे किती उरलेत देव जाणे, पण घोडेवाटांचीही एक. पगार नाही, भत्ता नाही, आणि दिलेला सल्ला नगरमंडळाने ऐकलाच पाहिजे असंही नाही. तरी माणसं येतात. का येता, असं विचारलं तर "गावासाठी" म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नसतं. डेल्मर प्रुइट मात्र गावासाठी वगैरे आला नव्हता. पाला उचलायची गाडी आपल्या गल्लीत का येत नाही, एवढंच विचारायला तो आला होता.

खिडकीत मारिसोल होती. समित्यांचं सगळं तीच बघते. नोटिसा लावते, इतिवृत्त लिहिते, दिवे बंद करते. तिने डेल्मरला नीट न्याहाळलं. सत्तरीला टेकलेला, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात तक्रारीचा कागद व्यवस्थित चार घड्या घालून आणलेला.

"पाल्याचं बघते मी," ती म्हणाली. "तुम्ही झाडांच्या समितीवर बसता का, मिस्टर डेल्मर? पाच खुर्च्या आहेत, त्यातल्या तीन रिकाम्या. कोरमला तिघं लागतात आणि आहेत दोघं. सात महिने बैठक भरलेली नाही."

लॉरेटाला, त्याच्या बायकोला, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत 'बसा' असं त्याला फक्त दातांच्या डॉक्टरने म्हटलं होतं. त्याने तिथल्या तिथे सही केली.

पहिल्या बैठकीत मारिसोलने नियम वाचून दाखवले. फ्लोरिडात हा कायदा मोठा कडक आहे. समितीपुढे येऊ शकेल अशा कुठल्याही गोष्टीबद्दल दोन सभासदांनी बैठकीबाहेर बोलायचं नाही. फोनवर नाही, चिठ्ठीने नाही, दुसऱ्याकरवी निरोप धाडून नाही. जे बोलायचं ते चारचौघांत, माईकसमोर. बाकीचे सभासद हे ऐकतात, मान डोलावतात आणि आपापल्या अकलेने वागतात. डेल्मरने ते कागद घरी नेले आणि दोनदा वाचले.

त्याचंही काही चुकलं म्हणता येत नाही. एकतीस वर्षं तो खाडीवरच्या उचलत्या पुलावर होता. पुलावरच कपाटाएवढी खोली, दोन खटके, एक वायरलेस. बोट आली की आधी दिवा, मग घंटा, मग फाटक, मग पूल. यातलं एक मागेपुढे झालं की माणूस पाण्यात. घाईतला मेयर खाली गाडीचा भोंगा बडवत असला तरी डेल्मर आपला नाकासमोर बघून एकेक खटका ओढायचा. दिवसभरात त्याच्या तोंडून निघणारे शब्द दोन, 'पूल उघडतोय' आणि 'पूल बंद'. घरी बोलायला लॉरेटा होती. त्याच्या वाटचंही तीच बोलायची. शेजाऱ्यांशी, दुकानदाराशी, पाद्र्याशी. हा मागे पिशवी धरून उभा. ती गेली आणि त्याच्या घरातला आवाजच गेला.

आता दर महिन्याचा पहिला मंगळवार, दुपारी चार. अध्यक्ष कर्बी स्टॉलिंग्ज, रोपवाटिकेचा मालक, चाळिशीचा, तोंडाचा भारी चालू. आणि दुसऱ्या खुर्चीत मिस ओडेसा थिगपेन. आधी काळ्यांच्या वेगळ्या शाळेत आणि मग गोऱ्या-काळ्यांच्या एकत्र झालेल्या शाळेत मिळून तिने अडतीस वर्षं गणित शिकवलं. गावातले निम्मे लोक अजून तिला बघून शर्ट आत खोचतात. नवरा कधीच गेलेला, मुलगा अटलांटात. ती बोलायला लागली की डेल्मर कान देऊन ऐकायचा. एकदा रस्तेवाल्या इंजिनिअरने "हे झाड तसंही मरायलाच टेकलंय" असं म्हटलं, तर ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "मीही टेकलेय, बाळ. म्हणून काय मला आजच पाडणार?" डेल्मर हसला. आपण मोठ्याने हसलो हे ध्यानात आल्यावर तो इतका दचकला की पेन खाली पडलं.

त्या बैठकीचं इतिवृत्त त्याने घरी जपून ठेवलंय. त्यात हसण्याची नोंद नाही. 'श्री. प्रुइट यांनी श्रीमती थिगपेन यांच्याशी सहमती दर्शवली' एवढंच आहे. पाच वर्षांत अशी एकोणचाळीस वाक्यं जमली. न्याहारीच्या टेबलावर लाह्यांच्या वाडग्याशेजारी इतिवृत्तांची फाइल असायची, आणि तो ती वर्तमानपत्रासारखी वाचायचा. अहो, कुणाच्या घरी लग्नाचे फोटो असतात, याच्याकडे ठराव होते.

पण बैठकीबाहेर? बैठकीबाहेर त्याने तोंडाला कुलूप घातलं. ओडेसा त्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायची. वाण्याकडे ती भाजीपाशी दिसली की हा ढकलगाडी वळवून साबणांच्या रांगेत शिरायचा. पोस्टापाशी दिसली की रस्ता ओलांडायचा. सुरुवातीला ती हात वर करायची. हा मान खाली घालून पुढे जायचा. त्याचा हिशेब साधा होता. आपण बोलणार काय? हवेबद्दल. हवा म्हटली की वादळ आलं, वादळ म्हटलं की फांद्या आल्या, आणि फांद्या म्हणजे समितीचाच विषय. मग बोलायलाच नको. काही महिन्यांनी तिने हात वर करणं सोडलं. त्याला वाटलं, तिलाही नियम कळला. त्या दिवशी त्याला तिच्याबद्दल आदरच वाटला.

आणि मग यंदा ओक वृक्षाचं प्रकरण आलं. ओडेसाच्या चर्चसमोर दोनशे वर्षांचा ओक आहे. तिच्या आजीचं लग्न त्याच्या सावलीत लागलेलं, कारण तेव्हा चर्चला छप्पर नव्हतं. गटाराच्या नव्या नळासाठी तो पाडायचा बेत होता. ऑक्टोबरच्या बैठकीत तिघंही हजर होते, म्हणजे कोरम काठोकाठ. कर्बी रस्तेवाल्यांच्या बाजूला झुकायला लागला होता. डेल्मरने माईक ओढला आणि पाच वर्षांत पहिल्यांदा सलग चार वाक्यं बोलला. नळ सहा फूट पूर्वेला घेतला तर काय होईल, याचा नकाशाच त्याने काढून आणला होता. तिन्ही मतं ओकच्या बाजूने पडली, आणि नवल म्हणजे पुढे नगरमंडळाने तो सल्ला ऐकला.

त्या दिवशी बैठक संपल्यावर गाड्यांपाशी ओडेसा त्याची वाट बघत उभी होती.

"मिस्टर डेल्मर," ती म्हणाली, "माझ्या आजीकडून आभार."

डेल्मरला बोलावंसं इतकं वाटलं की जीभ दातांवर आपटली. पण ओक अजून समितीचा विषय होता. नळ पडेपर्यंत राहणार होता. त्याने टोपीला हात लावला, गाडीत बसला आणि निघाला. आरशात ती बराच वेळ तिथेच उभी दिसत होती.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग आलं, सगळ्या घराने एकत्र जेवायचा सण. हायवेवरच्या खाणावळीत एकट्यादुकट्यांसाठी टर्कीचं ताट असतं, सोबत रताळी आणि अक्रोडासारख्या पिकानचा गोड 'पाय'. डेल्मर दर वर्षी तिथेच जेवतो. या वर्षी तो काटा उचलतो तर तीन टेबलं सोडून ओडेसा. अटलांटाचं विमान रद्द झालं म्हणे. वाढणारी मोठ्याने सांगत होती. चांगला निळा पोशाख, गळ्यात मोती, आणि समोर रिकामी खुर्ची. सगळी खाणावळ कुटुंबाकबिल्यांनी भरलेली, आणि ही दोघं तेवढी एकेकटी. कुणाला संशय नको म्हणून डेल्मर उठला, ताट फिरवलं आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

पाठ करून बसला, पण त्याला घास जाईना. लॉरेटा असती तर तिने कधीच त्या टेबलावर जाऊन पर्स ठेवली असती. हे काय चाललंय आपलं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मागे वळून बघितलं तेव्हा ती गेली होती. ताटातल्या गोडाला तिने हातही लावला नव्हता.

सोमवारी तो राजीनामा घेऊन खिडकीपाशी उभा राहिला.

"अहो, पण का?" मारिसोल म्हणाली. "तुम्ही गेलात की परत दोघंच उरतात. ही समिती बुडालीच म्हणून समजा."

"मला एका माणसाशी बोलायचंय," डेल्मर म्हणाला.

मारिसोलला काही उमगलं नाही. तिने कागदावर शिक्का मारला.

तिथून तो थेट ओडेसाच्या घरी गेला. हातात परसातल्या संत्र्यांची पिशवी. ती व्हरांड्यात मटार सोलत होती. तिने त्याला फाटकातून आत येताना पाहिलं आणि मटार सोलणं चालूच ठेवलं.

"मी राजीनामा दिला," डेल्मर म्हणाला. "आता आपल्याला बोलता येईल."

"आता म्हणजे?"

"कायदा होता ना. सभासदांनी बाहेर बोलायचं नाही."

ओडेसाने शेंग खाली ठेवली. "मिस्टर प्रुइट," ती म्हणाली, आणि पाच वर्षांत तिने त्याला आडनावाने कधी हाक मारली नव्हती, "तो कायदा झाडांबद्दल आहे. माझ्या गुडघ्यांबद्दल नाही. दोन वर्षांमागे माझी बहीण वारली. कर्बी फुलं घेऊन आला, इथे तासभर बसला, आणि झाडाचं पानसुद्धा तोंडातून काढलं नाही त्याने. तुम्ही त्या आठवड्यात वाण्याकडे मला बघून साबणांत शिरलात."

डेल्मरला बहिणीचं माहीत होतं. 'श्रीमती थिगपेन यांच्या घरी दुःखद प्रसंग असल्याने बैठक तहकूब' असं फाइलमध्ये होतं. ते वाक्यही त्याने वाचलं होतं, पुष्कळदा.

"मी या गावात बहात्तर वर्षं काढलीत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला बघून रस्ता ओलांडणारा गोरा माणूस काही मला नवा नाही. का ओलांडतोस, हे कुणी सांगायला येत नाही. मीच समजून घेते. तुमचंही घेतलं. खाणावळीत तुम्ही ताट फिरवलंत ना, तेव्हा तर राहिलंसाहिलं सगळंच समजलं."

हे डेल्मरच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो तिथे उभा, पिशवीचा बंद बोटांत रुतलेला. त्याची गप्प राहायची सवय आता नेमकी त्याच्या मुळावर आली.

"संत्री... पायरीवर ठेवू का?"

"ठेवा."

त्याने ठेवली. ती त्याला 'बसा' म्हणाली नाही. तो घरी आला आणि न्याहारीच्या टेबलापाशी बसून राहिला. फाइल उघडली नाही.

डिसेंबरचा पहिला मंगळवार. चारला पाच कमी असताना डेल्मर सभागृहात आला आणि लोकांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांवर बसला. चाळीस खुर्च्या, आणि त्यावर हा एकटा. कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं. त्यासाठी चिठ्ठी भरावी लागते. त्याने भरली. विषयाच्या जागी 'माफी' असं लिहिलं.

कर्बी आला, ओडेसा आली. ती त्याच्याकडे न बघता आपल्या खुर्चीत बसली. चार वाजले. चार वाजून दहा झाले.

"दोनच सभासद," मारिसोल म्हणाली. "कोरम नाही. बैठक भरत नाही."

डेल्मर चिठ्ठी घेऊन उभा राहिला. "मला बोलायचं होतं."

"बैठकच नाही हो, मिस्टर डेल्मर. तुमचं बोलणं लिहू कशात?"

"तिसरे तुम्हीच होतात, आणि तुम्हीच पळालात," कर्बी कोट चढवत म्हणाला, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि निघून गेला. मारिसोलने माईकचं बटण बंद केलं. ओडेसा पर्स उचलत होती.

डेल्मर तरी माईकपाशी गेला. नियमाप्रमाणे आधी नाव-पत्ता सांगायचा असतो.

"डेल्मर प्रुइट," तो बंद माईकमध्ये म्हणाला. "बारा, मॅग्नोलिया गल्ली. मी मिस ओडेसांशी पाच वर्षं बोललो नाही. कायद्याने मला अडवलं नव्हतं. मला बोलता येत नाही, आणि नियम हाताशी होता, म्हणून मी त्याच्या आड लपलो. याचा त्यांना काय अर्थ लागेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. या गावात, माझ्या वयाच्या माणसाच्या डोक्यात ते यायला पाहिजे होतं. बहिणीचं कळलं होतं मला. वाईट वाटलं होतं. सांगितलं नाही."

तो थांबला. खिडकीबाहेर पाला उचलायची गाडी रस्त्याने चालली होती.

"झालं?" ओडेसाने विचारलं.

"झालं."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग पर्स परत टेबलावर ठेवली आणि आपल्या खुर्चीत बसली. मारिसोल किल्ल्या हातात घेऊन दाराशी उभी होती, तीही तिथेच टेकली.

"अजून दोन मिनिटं उरलीत तुमची," ओडेसा म्हणाली. "झाडं सोडून काहीतरी बोला."

डेल्मरने माईकचा दांडा धरला. झाडं सोडून. त्याने पूल आठवला, वायरलेस आठवला, रिकामं न्याहारीचं टेबल आठवलं. ओडेसा वर्गात अडलेल्या पोरासाठी थांबावं तशी थांबून राहिली.

"माझी बायको," तो म्हणाला. "लॉरेटा. तिला जाऊन सात वर्षं झाली. हे मी माझ्या तोंडाने अजून कुणाला सांगितलेलं नाही."