हिब्रू विसरलेल्यांचे आभार

कोल्हापूर स्टेशनवर आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात प्रार्थना सुरू केली. गाडीतले लोक डोकावून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पा, म्हणजे माझे वडील, गडमुडशिंगीच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पंच. मी जर्मनीला नर्स म्हणून निघालेले. शेवटी एवढंच म्हणाले, "तिकडं काय बी खा, काय बी घाल. पर प्रार्थना मराठीतच करायची."

मी केली, बारा वर्षं. माझ्या लेकीला, रूथला मात्र जमलं नाही. किंडरगार्टनला गेली आणि तिची जीभ जर्मनकडे वळली. मराठी कळतं, पण तोंडून निघत नाही. माझ्या शिफ्टा, तिची शाळा, सबबी पुष्कळ आहेत. खरं सांगायचं तर मी कमी पडले. आयतवारी आप्पांचा व्हिडिओ कॉल आला की मी तिला बाहेर पिटाळायची. लाजते जरा, म्हणून सांगायची.

गेल्या नाताळात गावी आलो. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाहुण्याला उभं करून प्रार्थना करायला लावतात, आणि पंचांची नात म्हटल्यावर सुटका कुठली? रूथनं डोळे मिटले आणि जर्मनमध्ये प्रार्थना केली. संपली तरी कुणी आमेन म्हणेना. सगळे आप्पांकडे बघत होते, मी जमिनीकडे.

आप्पा उठले. म्हणाले, फार पूर्वी ज्यू लोक असेच देशोदेशी पांगले, कुणी लढाईमुळं, कुणी पोटासाठी. त्यांची पोरं हिब्रू विसरली, ग्रीक बोलायला लागली. मग त्यांनी पोरांसाठी शास्त्र ग्रीकमध्ये आणलं, गावोगावी सभास्थानं उभारली. पुढं येशूचे प्रेषित निघाले, ते आधी त्याच सभास्थानांत गेले आणि तेच ग्रीक शास्त्र वाचून बोलले.

"तवा बी कोण तरी अडून बसला असंल की, हिब्रूतच पायजे म्हणून," आप्पा म्हणाले. "त्याचं ऐकलं असतं, तर येशूचं नाव आपल्या मुडशिंगीपतूर आलं असतं काय? म्हणा आमेन."

देऊळ दणाणलं. मी तिथंच रडले, लाज न धरता.

माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, पोरांना मराठी शिकवा. मीही आता नेटानं शिकवतेय. पण नाही आलं तर लपवू नका. आणि गावात राहिलेल्यांनो, तुमचे उपकार कसे फेडू? घर कुठं, असं कुणी विचारलं की मला आता तुमचे चेहरे दिसतात. एक अक्षर कळलं नव्हतं, तरी माझ्या लेकीला तुम्ही आमेन म्हणालात.