तोंड उघडं ठेवून ऐकलेली पुस्तकं

सकाळी कुंभकोणमहून मामींचा फोन आला. "मामा गेले गे..." एवढंच बोलल्या. खरं सांगते, रडू यायच्या आधी मनात आलं, सुटले. अर्धांगाच्या झटक्यानं माधवमामांची वाचा गेली होती, आणि गप्प राहून जगणारा हा माणूस नव्हता. पुण्यात बसून इतके महिने मला एकच गोष्ट कुरतडत होती... दिवसभर ते करत तरी काय असतील?

मामा दातांचे डॉक्टर. तिकडच्या आमच्या मराठी घरांत अजून जुन्या वळणाची मराठी चालते, आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. मामा उंबऱ्याच्या आत काय नि बाहेर काय, पुस्तकांबद्दलच बोलत. तीही विज्ञानाची, प्राण्यापक्ष्यांची, मुंग्या-शेवाळांची. कथा-कादंबऱ्यांकडे ते बघतही नसत. "रचलेलें काय वाचायचें? खरें काय थोडें आहे?" पण पुस्तक सुचवायची त्यांची तऱ्हा मोठी दुष्ट होती. रोग्याचं तोंड उघडं, आत कापसाचे बोळे, म्हणजे उलट बोलायची सोय नाही. नेमकी तेव्हाच हे गोष्ट सुरू करणार. लहानपणी माझी दाढ किडली तेव्हा म्हणाले, "हत्तीच्या दाढा मागून पुढें सरकतात. एक झिजली कीं दुसरी येते. अखेरची झिजली कीं मग..." आणि चूळ भरायला सांगितली. मग काय होतं? "तें पुस्तकांत आहे. वाच, अन् पुढल्या खेपेस मला सांग." पुस्तक इंग्रजी. मी मुकाट्यानं शब्दकोश घेऊन बसले, कारण हत्तीचं पुढे काय झालं ते कळल्याशिवाय झोप कशी लागणार? दाताचं काम अर्धवट टाकून पळणारे लोकसुद्धा पुस्तक परत करायला म्हणून येत, आणि आयते खुर्चीत सापडत.

कधी नेम चुकेही. सेल्वी नावाची एक तमिळ शिक्षिका पहिलटकरीण असताना गर्भ राखणाऱ्या तिरुक्करुगावूरच्या देवीला जाऊन आली आणि वाटेत दात दाखवायला थांबली. आई होणाऱ्या बाईला शोभेलसं म्हणून मामांनी तिला जाळं विणणाऱ्या कोळ्यांचं पुस्तक दिलं. काही जातींत पिल्लं आईलाच खाऊन टाकतात, हे उत्साहाच्या भरात विसरले. दुसऱ्या दिवशी तिची सासू ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून दारात हजर. मामांनी माफी मागितली आणि बदली देवमाशांचं पुस्तक दिलं. मामी त्यांना यावरून पुढे जन्मभर चिडवत आल्या.

तेराव्याला मी कुंभकोणमला गेले तेव्हा धीर करून मामींना विचारलं, "शेवटचे दिवस कसे काढले हो त्यांनी?"

"कसे म्हणजे? ऐकत होते कीं."

मग कळलं. रोज संध्याकाळी मामांना खालच्या दवाखान्यात आणून त्यांच्याच खुर्चीत निजवत. जुन्या रोग्यांपैकी कुणीतरी येई, आपण वाचलेलं एखादं पुस्तक त्यांना सांगे, आणि ऐन रंगात आल्यावर थांबे. बाकी उद्या. मामा चांगल्या हातानं खुर्चीवर थापा मारत. "राग यायचा फार," मामी म्हणाल्या, "अन् दुसरे दिवशीं दुपारपासूनच खालीं न्या म्हणून हट्ट." मी तिथेच रडले, पण किती महिन्यांनी मोकळं वाटत होतं. माझे मामा एकटे, गप्प बसून गेले नव्हते.

सेल्वी मात्र दाराशी नुसती उभी होती. शेवटची पाळी तिची होती. एक इवलासा पक्षी कुठे न टेकता महासागर ओलांडतो, त्याची हकीकत. पक्ष्याला ऐन समुद्रावर ठेवून ती घरी गेली, आणि पहाटे मामा गेले. "डॉक्टर शेवट न ऐकताच गेले," ती तमिळमध्ये म्हणाली. "मी मधेच थांबायला नको होतं..."

मामी तिच्याकडे बघून इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. त्याही तमिळमध्येच म्हणाल्या, "अगं, ते पुस्तक तुला दिलं कोणी? त्यांनीच ना? त्यांना सगळं पाठ होतं."

सेल्वीनं डोळे पुसले. मामींनी दवाखान्यातला दिवा लावला, खुर्चीवरची चादर काढली आणि पदर सावरून स्वतःच वर चढून बसल्या.

"मला कुठे ठाऊक आहे?" त्या म्हणाल्या. "पोचला का तो, सांग."