राजीनामा द्यायला खुर्ची लागते

“परत म्हण,” अक्का म्हणाल्या. “सगळ्यांना ऐकू दे.”

मी परसात भांड्यांच्या ढिगापाशी उभी. हात राखेनं माखलेले. मागच्या दारात मालकीणबाई, म्हणजे अक्का. त्यांच्यामागे साहेब आणि त्यांना भेटायला आलेली मंडळी. मी परत म्हटलं, “मलाही राजीनामा द्यायचाय.”

सगळे पोट धरून हसले. एक म्हातारे गृहस्थ तर डोळे पुसायला लागले.

बसवनगुडीतलं ते घर. तेही मराठी, आम्हीही मराठी. दोघंही पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातले. पण मी घासलेल्या भांड्यांवर अक्का वरून पाणी शिंपडायच्या, मगच ती स्वयंपाकघरात जायची. माझ्या हातून भांडी स्वच्छ व्हायची, शुद्ध नाही.

साहेबांनी त्याच आठवड्यात सरकारी नोकरीचा राजीनामा दिला होता. हाताखालच्या माणसाला बढती मिळाली, ते त्यांना सोसवलं नाही. लोक येऊन पाठ थोपटत होते. काय स्वाभिमान, काय बाणा! खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं. ताठ मानेनं काम सोडता येतं आणि वर कौतुकही होतं, हे मला तेव्हा कळलं. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मला काम मिळत होतं. म्हणून बोलले.

साहेब हसू आवरत म्हणाले, “अगं, राजीनामा द्यायला आधी खुर्ची लागते.”

“हिला स्वल्प जास्तच समजायला लागलंय,” अक्का म्हणाल्या. “सरी, ठीक आहे, जा तू. पण रीत ठाऊक आहे ना? उद्यापासून धाकटीला पाठव.”

रीत अशी, की त्या घरचं काम सोडायचं तर आपल्याच घरातली बाई बदली द्यायची. आजीनं आईला दिलं. आईचे गुडघे गेले, तिनं मला दिलं. त्या बदल्यात परसातली एक खोली राहायला. आपण होऊन गेलो तर ‘पळून गेली’, त्यांनी घालवलं तर ‘हाकलली’. आमच्यासाठी एवढेच शब्द. राजीनामा त्यांचा.

माझी धाकटी बहीण तेव्हा शाळेत जात होती.

“पाठवू या गं तिला,” आई म्हणाली. “डोक्यावर छप्पर आहे ते त्यांच्यामुळं.”

मला आईची चीड आली. मग तिचे सुजलेले गुडघे दिसले आणि रडूच आलं. मी राहिले तर तिथंच मरेन. गेले तर खोली जाईल. धाकटीला दिलं तर मी मोकळी, पण कसली मोकळी? कुठूनही बघा, दार बंद.

सकाळी मी एकटीच गेले. परसात नाही, पुढच्या दारी. साहेब पेपर वाचत होते.

“मी कामावर येणार नाही. धाकटीही येणार नाही.”

“खोली आजच रिकामी करावी लागेल.”

“करते.”

आतून अक्का ओरडल्या, “पळून चालली बघा!”

“पळून जाणारी तोंडावर सांगत नाही, अक्का. मी राजीनामा देतेय.”

या वेळी कुणी हसलं नाही. बंगळुरातल्याच शिवाजीनगरात ओळखीची एक बाई होती. तिच्याकडं आसरा मागून मी दुपारी परतले, तर परसात आई. माझ्या जागी. गुडघे कसेबसे मुडपून भांडी घासत होती. धाकटी वाचावी आणि खोलीही राहावी म्हणून तिनं स्वतःलाच बदली दिलं होतं. अक्का दारात उभ्या. मला म्हणाल्या, “बघ, हिला लाज आहे.”

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी आईच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. तिच्या काखेत हात घातला.

“ऊठ.”

“कुठं जायचं गं?”

“ऊठ आधी.”

ती रडत, मला शिव्या देत उठली. संध्याकाळी आम्ही तिघी बोचकी घेऊन शिवाजीनगरात दुसऱ्याच्या ओसरीवर. आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. बसवनगुडीत आजही सांगतात, आम्ही पळून गेलो. सांगू देत. आमच्या घरातली बाई आता कुणाच्या परसात बदली म्हणून बसणार नाही. उपाशी राहील. बसणार नाही.