सोमाने घालवलेला राक्षस

पोशेऱ्याचा सोमा गेला, हे मला जव्हारच्या बाजारात कळलं. त्याच्या गावची एक बाई सुपं विकत होती. मी सहज विचारलं, "सोमा कुठाय? यंदा दिसला नाही." ती खाली बघत म्हणाली, "गुरुजी, सोमा तापात गेला…" मी सूप हातात धरून तसाच उभा राहिलो. आमचं एक भांडण अर्धंच राहिलं होतं.

भांडण सिनेमाचं. बोलपट यायच्या आधी नाशिककडचा एक तंबूवाला आमच्या बाजारतळावर मारामारीचा चित्रपट घेऊन आला होता. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचायला त्यानं मला, शाळामास्तरला, धरलं. त्याचा तबलजी आजारी पडला म्हणून सोमाला संबळ वाजवायला बसवलं. सोमाच्या घराण्याकडे बोहाड्याच्या संबळाचा मान. बोहाड्यात देवांची नि राक्षसांची सोंगं मुखवटे घालून नाचत येतात, आणि प्रत्येक सोंगाची येण्याची नि जाण्याची चाल वेगळी. सोमानं पडद्यावरच्या मिशाळ, दुष्ट दरोग्याला सरळ राक्षसाची चाल लावली. काय वाजवला तो! दरोगा घोड्यावरून आला की पुढे बसलेली माणसं मागे सरकत. शेवटी नायक आणि दरोगा एकमेकांना मिठी मारून बुरजावरून खाली कोसळले आणि मी वाचलं, 'पहिला भाग समाप्त.'

सोमा थांबेना. बत्ती लागली, लोक उठले, तरी हा वाजवतोय. "अरे, संपलं!" मी ओरडलो. "राक्षस गेला नाय, मी थांबू कसा?" शेवटी तंबूवाल्यानं त्याच्या हातातल्या काड्याच हिसकावल्या.

मला तेव्हा हसू आलं होतं. पण त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पोशेऱ्यात गुरांना रोग पडला आणि सोमाच्या चुलत्यानं, लखमाबाबानं, त्याला सगळ्यांदेखत सुनावलं, "तू सोंग आणलंस नि घालवलं नायस. ते गावात फिरतंय. त्याला घालवशील तवा संबळाला हात लाव." बोहाडा आला. संबळ दुसऱ्याच्या कमरेला बांधला गेला. बापाआज्यापासूनचा मान, आणि सोमा मुखवट्यांच्या मागे टेंभा धरून चालत होता. त्याचा चेहरा मला बघवला नाही. तो एवढंच म्हणाला, "गुरुजी, दुसरा भाग येल ना हो?"

आला. पुढच्या हिवाळ्यात तंबू लागला तेव्हा सोमा लखमाबाबाला घेऊन दिवेलागणीला हजर. म्हातारा साक्षीला अगदी पुढे, काठी आडवी ठेवून बसला. आणि काय सांगू, चित्रपट निव्वळ भिकार! दरोगा वेगळाच, कालपर्यंत पेढीवर बसत असावा असा. घोडा दमलेला. उडी मारायची वेळ आली की कपडे घातलेला पेंढा खाली पडायचा. मी मनातून चरफडत वाचत होतो. सोमा मात्र घामानं निथळत होता, नजर पडद्यावरून हलत नव्हती. नायकानं दरोग्याला पाडलं, तलवार गळ्याला लावली. सोमाचा संबळ चढत गेला. म्हाताऱ्यानं काठी घट्ट धरली. आणि पडद्यावर अक्षरं आली… माझी जीभ अडखळली. क्षणभर वाटलं, 'मर, दुष्टा' असं ठोकून द्यावं. पण पुढे दरोगा चालताना दिसणारच होता. मी वाचलं, "जा. मी तुला क्षमा केली आहे."

सोमाच्या काड्या हवेतच थांबल्या. दरोगा उठला, मान खाली घालून वेशीकडे निघाला. तंबूवाला हातवारे करत होता, वाजव, वाजव! सोमानं म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा पडद्याकडेच बघत होता. मग सोमानं हलकेच वेगळी चाल धरली. नाच संपल्यावर मुखवटा ओवाळून घरात नेतात, तेव्हाची. संथ, जड, एकेक ठोका. दरोगा वेशीबाहेर दिसेनासा होईस्तोवर तो वाजवत राहिला. लखमाबाबा उठला, पडद्याला हात जोडले आणि म्हणाला, "गेला. घरी गेला."

त्या वर्षीच्या बोहाड्यात संबळ पुन्हा सोमाच्या कमरेला होता. आमचं भांडण मात्र तेव्हापासूनचं. भेटला की मी डिवचायचो, "दुसऱ्यात काही दम नव्हता बाबा. पहिल्याची सर नाही." तो चिडायचा. "पयला येण्याचा, दुसरा जाण्याचा. येतानाचा जोर जाताना कसा असंल, गुरुजी?" मी म्हणायचो, पेंढा तो पेंढाच. मला अजूनही तसंच वाटतं.

सूप घेऊन मी तसाच पोशेऱ्याला गेलो. घर सुतकात. संबळ खुंटीला होता, काड्या त्यात खोचलेल्या. त्याची बायको पारू म्हणाली, "सगळ्या सोंगांना यानं घरी पोचवलं. याला पोचवायलाच कोणी वाजवलं नाय. सुतकात भाऊबंदांनी संबळाला हात लावायचा नसतो…" तिनं खुंटीवरच्या संबळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी जन्मात कधी संबळ वाजवलेला नाही. ती चाल तेवढी कानात होती. वर्गात पोरं गणितं सोडवत असली की मी ती मेजावर बोटांनी धरायचो. संबळ खाली घेतला, अंगणात बसलो. पहिलाच ठोका चुकला. वाकडी काडी दोनदा निसटली. कुडाआड कोणी रडत होतं. सोमासारखा एकही ठोका पडला नाही, पण शेवटपर्यंत वाजवलं.

काड्या परत खोचून संबळ खुंटीला लावला, तेव्हा पारूनं त्याला हात जोडले.

"गेला," ती म्हणाली.