बँकेच्या नियमाविरुद्ध दादांचा अर्ज

आमच्या कुंभार पिंपळगावात पूर्वी बँकेतली गोष्ट बँकेत राहत नसे. बाजाराच्या दिवशी गल्लीतला एकजण सगळ्यांची पासबुकं रुमालात बांधून न्यायचा. कारकून एकेक उघडून शिल्लक मोठ्याने वाचायचा, आणि तो माणूस चहाच्या हॉटेलापर्यंत पोचेस्तोवर कोणाचं किती हे पोरासोरांनाही ठाऊक व्हायचं. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. सुनेचं सासऱ्याला सांगायचं नाही तर सांगायचं कोणाला?

नव्वदच्या आसपास नवे मॅनेजर आले आणि त्यांनी भिंतीवर नवा नियम चिकटवला. खात्याची माहिती फक्त खातेदारालाच मिळेल, वरून तसा हुकूम आहे म्हणे. गाव खवळलं. सगळ्यांत जास्त खवळले माझे वडील, आमचे दादा. दादांना सार्वजनिक कामाची भारी हौस. रस्ता, नळ, एसटीचा थांबा, कुठेही काही बिघडलं की आमच्या ओसरीवर बैठक बसायची आणि माय चहा करून करून दमायची.

"बायकोच्या खात्यात काय हाये ते नवऱ्याला सांगत न्हाईत! बिलकुल चालायचं न्हाई," असं दादा ज्याला त्याला सांगायचे. मॅनेजरशी भांडून झालं, वरच्या ऑफिसाला तक्रारी झाल्या. यात वर्ष-दीड वर्ष गेलं. शेवटी चार माणसं घेऊन ते आमदारांकडे गेले.

आमदार हुशार. म्हणाले, विधानसभेत मुद्दा मांडतो, नियम मागं घ्यायला लावतो. पण नुसता पुरुषांचा अर्ज नेला तर तिथे हसतील. नवऱ्याला माहिती दिली तर आमची हरकत नाही, असं बायकांनीच सही करून द्यावं. दादा खुशीत परत आले.

या वर्ष-दीड वर्षात आमच्या घरात एक गोष्ट घडली होती आणि ती फक्त मला ठाऊक होती. नियम लागल्याबरोबर मायनं खातं उघडलं होतं. तिच्या लग्नात माझ्या मामांनी तिला शेळ्या आंदण दिल्या होत्या. आमच्याकडे आंदणाचं जनावर आणि त्याची पैदास बाईचीच, सासरच्यांनी त्याला हात लावायचा नाही. पण करडं विकून आलेल्या पैशाला मात्र असं काही संरक्षण नव्हतं. डब्यात पडला की तो सगळ्यांचा. आदल्या साली तो देवळाच्या भोंग्याच्या वर्गणीत गेला होता, दादांनी चार लोकांत मोठ्या आवाजात जाहीर करून दिलेल्या. मी दहावी पास झाले होते. मला जालन्याला नर्सिंगला जायचं होतं, आणि घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. माय यावर काही बोलली नाही. बाजाराच्या दिवशी बँकेत मात्र जाऊन यायची.

"पयली सही आपल्याच घरची पायजे," दादा ओसरीवरच्या माणसांना म्हणाले आणि त्यांनी मायला हाक मारली. ती हात पुसत दारात आली. काय लिहिलंय ते तिनं नीट ऐकून घेतलं.

"मी न्हाई करायची सही."

"अगं, तुझं कुठं खातं हाये? नुसती दाखवायला कर."

माय गप्प उभी राहिली. तिथेच सगळ्यांना कळलं. कोणीतरी खाकरलं, कोणी चपला शोधायला लागलं. मला तिचा रागच आला. सही करून मोकळी झाली असती तर कोणाला पत्ता लागणार होता? मी तिला आत गेल्यावर तसं म्हटलंही.

"आपणच हरकत न्हाई म्हणून लिहून द्यायचं," ती म्हणाली, "आन मंग रडायचं कुणापुढं?"

दादा तडक बँकेत गेले. मॅनेजरनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि काहीही सांगितलं नाही. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा माय शेळ्या बांधत होती. ते तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"किती हायेत?"

"पोरीच्या नर्सिंगला पुरतेन एवढे."

"मंग मला काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर राह्यले असते का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यांना तो भोंगा आठवला असणार, रोज पहाटे वाजायचा.

दुसऱ्या दिवशी ते बाकीच्या घरच्या बायकांच्या सह्यांचा अर्ज घेऊन आमदारांकडे गेलेच. लोकांना शब्द दिला होता. सोबत माझे धाकटे काका होते. अर्जावर सगळ्यांत वर अर्जदार म्हणून दादांचं नाव होतं, ते दादांनीच खोडलेलं पाहून आमदारांनी विचारलं, हे काय? दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "घरची न्हाई म्हणली." माणसं हसली. काका सांगतात, दादा खाली मान घालून बसले, पण शब्द फिरवला नाही. बायको नको म्हणाली हे चारचौघांत कबूल करणारा माणूस त्या काळी आमच्या भागात मी तरी दुसरा ऐकला नाही.

अर्ज मुंबईला गेला. बँका दिल्लीच्या अखत्यारीत येतात, असं उत्तर आलं. मग खासदारांना गाठलं, त्यांनी संसदेत प्रश्न विचारतो म्हणून सांगितलं, आणि प्रकरण थंड झालं. नियम होता तिथेच राहिला. मला जालन्याला प्रवेश मिळाला. फीचा ड्राफ्ट काढायला माय बँकेत गेली तेव्हा दादा तिच्यासोबत गेले होते. ती म्हणाली, आत या की. ते म्हणे बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले.