तक्त्यावर लिहिलेलं नाव

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एक उद्योग अंगावर घेतला. सातारा-सांगलीकडच्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांत जायचं, माणसांना गोल बसवायचं आणि आपण कोण, पुढं कुठं जायचं, यावर त्यांना बोलतं करायचं. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या चर्चमध्ये हे छान जमलं होतं, म्हणजे सगळीकडं जमेल असं मी धरून चालले. फळ्यापुढं आयुष्य गेलेल्या बाईला असं वाटतंच.

रहिमतपूरच्या अलीकडं एका गावात बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या रजिस्टरमध्ये बारा-तेरा नावं होती आणि चटयांवर माणसं चाळीसेक. मंडळीच्या म्हाताऱ्या पंचांना मी विचारलं, बाकीचे कोण?

"येत्यात, बसत्यात. आमी इचारत न्हाई."

मला रागच आला. स्वतःचं नाव सांगायची चोरी असलेली मंडळी उद्याचा काय विचार करणार? मी भिंतीवर मोठा कागद लावला आणि प्रत्येकाला नाव लिहायला लावलं, नावापुढं किती वर्षं येता तेही.

दाराजवळची एक बाई उठेना. ती शेतमजुरी करायची. मुलगी नर्सिंगला होती, अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर. जातीच्या दाखल्यावर धर्म हिंदू. बाप्तिस्मा घेतला तर ती जागा जाणार, म्हणून बाईनं तो घेतलाच नव्हता. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त तिच्या हातात स्केचपेन दिलं.

"लिहा की. इथं सगळी आपलीच माणसं आहेत."

"बाई, ऱ्हाऊ द्या," पंच म्हणाले. मी ऐकलं नाही. तिनं जपून नाव लिहिलं, पुढं अकरा वर्षं. मी कौतुकानं तक्त्याचा फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकला.

पुढच्या रविवारी दोन अनोळखी तरुण उपासनेला येऊन बसले. गाणी संपेपर्यंत थांबले आणि जाताना पंचांना नम्रपणे विचारलं, "तो कागद कुठंय?" दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून मला तोच फोटो आला. तिच्या नावाभोवती लाल गोल होता, बाकी एक अक्षर नाही. ग्रुपवरचा फोटो मी लगेच काढून टाकला, पण ते वरातीमागून घोडं.

महिन्याभरात ती एसटीनं माझ्या घरी आली. प्लास्टिकच्या पिशवीत मुलीच्या नावाची नोटीस होती. चहाला तिनं हात लावला नाही.

"दाखला खोटा हाय म्हनून कुनीतरी अर्ज केलाय. सोमवारी जात पडताळणीच्या हापिसात बोलावलंय. पोरगी जेवत न्हाई."

"मी चांगला वकील बघते," मी म्हणाले.

"वकील नगं. तुमीच या. तितं सांगा, ही बाई आमच्यात न्हाई. नाव म्याच जबरदस्तीनं लिवून घेतलं म्हना."

रजिस्टर पाहिलं तर ते खरंच होतं. पण दर रविवारी उन्हापावसात चालत येणारी ती बाई आमच्यात नाही, हे मी म्हणायचं. मला स्वतःची शरम वाटली. तरी मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ती उठली नाही. सोमवारी मी अडखळू नये म्हणून तिनं ते वाक्य माझ्याकडून तिथंच दोनदा म्हणवून घेतलं.